दुखणं नोकरीचं की वयाचं?

आषाढात गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून मागे मागे सरकत जावं लागतं. तरुणपणी लष्करात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या आणि तिथे कधीतरी गुडघा दुखावून घेतलेल्या माणसाला पन्नाशीनंतर हे काम झेपत नाही. तो धुऱ्यावर बसून मजुरांना पेंढ्या पुरवतो. घरचे म्हणतात, वय झालं. दवाखान्यातले डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणतात, सांधा झिजला. दोन्ही खरंच असतं. पण संरक्षण खात्याकडे डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्व निवृत्तीवेतन, मागायला गेलं की तिथे प्रश्न वेगळाच विचारतात: हा गुडघा नोकरीमुळे गेला का, आणि गेला असेल तर ते कोणत्या कागदावर लिहिलं आहे?

लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला १७३ वा नियम या पेन्शनचा पाया मानला जातो. त्यात दोन अटी होत्या. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं असावं, आणि वैद्यकीय मंडळाने ते किमान २० टक्के ठरवलेलं असावं. ‘बळावलेलं’ या शब्दाला इथे फार महत्त्व आहे. आजाराचं मूळ सेवेत नसलं तरी उंचावरची थंडी, सततचा ताण, पाठीवरचं ओझं किंवा वेळेवर न झालेले उपचार यांनी तो वाढला असेल, तरी दावा उभा राहतो. कित्येक माजी सैनिकांना एवढंच ठाऊक असतं की लढाईत गोळी लागली तरच पैसे मिळतात.

लढाईतल्या जखमेबद्दल मुळात वादच नसतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांची जखम कुठे आणि कशी झाली हे कुणी विचारत नाही. गोंदियाच्या गुडघ्याची गोष्ट अशी नसते. तो सकाळच्या पीटीत मुरगळलेला असतो, गाडीतून सामान उतरवताना दुखावलेला असतो, किंवा युनिटच्या कबड्डीच्या सामन्यात आदळलेला असतो. त्या वेळी वेदनाशामक गोळ्या आणि आठ दिवस हलकी ड्यूटी एवढ्यावर भागतं, आणि खरी फरफट वीस वर्षांनी सुरू होते.

सिद्ध कुणी करायचं?

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत हा प्रश्न पेटला होता. तोवर आपला आजार युद्धसेवेमुळे झाला हे सैनिकानेच सिद्ध करायचं, असा दंडक होता. १९४३ मध्ये तो उलटला आणि सेवेचा संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर आली. भारताच्या १९८२ च्या पात्रता नियमांची भाषाही याच वळणाची आहे. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झाली नाही, ती त्या वेळी नव्हती असं मानायचं. दावेदाराला पुरावे मागत बसायचं नाही. वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमध्ये सेवा केलेल्यांना तो अधिक सढळ हाताने द्यायचा.

नियम असे उदार असले तरी वर्षानुवर्षं वैद्यकीय मंडळं एका ओळीत शेरा मारत राहिली, की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. या सवयीला मोठा धक्का बसला तो धरमवीर सिंग यांच्या खटल्यात. ते जून १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षांनी फिट येण्याच्या आजारामुळे त्यांना २० टक्के अपंगत्व ठरवून बाहेर काढलं गेलं आणि आजार उपजत प्रकृतीचा असल्याचं सांगून पेन्शन नाकारली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळच्या तपासणीत या आजाराची नोंद नव्हती. तेव्हा तो ओळखता येणं शक्य नव्हतं, असंही मंडळाने कुठे लिहिलं नव्हतं. कारणं न देता मारलेल्या शेऱ्यावर पेन्शन नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतरच्या शेकडो दाव्यांत वकील हाच निकाल पुढे ठेवत आले आहेत.

पुढच्या वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. ज्याला अपंगत्वामुळे नोकरीतूनच काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त आहे असंच धरावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. माणूस नोकरीला नालायक, पण पेन्शनला पुरेसा अपंग नाही, ही विसंगती न्यायालयाला मान्य झाली नाही.

म्हणून प्रत्येक दावा जिंकला जातो असं मात्र नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की आजार नोकरीत असताना आढळला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं आपोआप ठरत नाही.

पंधरा वर्षांची रेघ

जुन्या जखमेच्या दावेदाराने सर्वांत आधी वाचावी अशी ओळ २००८ च्या पात्रता नियमांत आहे. दावेदाराला एरवी पुरावा मागू नये, हे तत्त्व त्यांतही कायम आहे. पण दावा नोकरी सुटल्यावर १५ वर्षांनंतर केला आणि तोवर ठराविक मुदत संपून सेवेची कागदपत्रं नष्ट झालेली असली, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. आधीच्या पानावर सरकारच्या खांद्यावर असलेलं ओझं इथे माजी सैनिकाच्या खांद्यावर सरकतं.

कागद नष्ट होतात हेही खरं आहे. पेन्शन न मिळणाऱ्या जवानांची सेवापत्रं लष्कराच्या नियमानुसार २५ वर्षं सांभाळून मग काढून टाकतात. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे नाव, नंबर, भरतीची आणि सुटण्याची तारीख अशी मोजकी नोंद. दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनविना घरी आलेल्या जवानाला हा नियम सर्वाधिक जाचतो. त्याची फाइल गेली की त्याच्या गुडघ्याची सरकारदरबारी असलेली हकीकतही संपते.

अमेरिकेत असंच संकट आगीच्या रूपाने आलं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस शहराजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली भस्मसात झाल्या. सरकारच्याच ताब्यातले कागद जळालेले असल्याने अशा प्रकरणांत सरकारने दावेदाराला अधिक मदत केली पाहिजे, असं तिथल्या न्यायालयांनी पुढे ठरवलं. प्रत्यक्ष लढाईत झालेल्या दुखापतीबाबत सैनिकाची स्वतःची साक्षही तिथे पुरावा म्हणून चालते. हवालदाराच्या तोंडी सांगण्याला भारतातल्या नियमांत एवढं वजन नाही. त्यामुळे इथे कागदांची साखळी जोडावी लागते.

ट्रंकेत काय शोधायचं?

ही साखळी कशी असते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, आमगाव तालुक्यातला एक तरुण १९९१ मध्ये गार्ड्‌समध्ये भरती झाला. १९९९ मध्ये सरावात खड्ड्यात पडून त्याचा उजवा गुडघा दुखावला. २००८ मध्ये तो १७ वर्षांची सेवा करून सर्व्हिस पेन्शनवर घरी आला आणि आता त्याला जिना चढवत नाही.

पहिला कागद भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा. त्यात गुडघ्याबद्दल काही लिहिलेलं नसेल तर तो कोरा रकानाच त्याचा साक्षीदार आहे, कारण गुडघा तेव्हा ठणठणीत होता असं मानायला नियम सांगतो.

दुसरा कागद दुखापतीचा अहवाल. लष्करात तो आयएएफवाय-२००६ या नमुन्यावर लिहितात. अपघात केव्हा, कुठे, कोणतं काम करताना झाला आणि तो माणूस त्या वेळी ड्यूटीवर होता का, याबद्दल कमांडिंग ऑफिसरचं मत त्यात असतं. गंभीर प्रकरणांत चौकशी, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, झालेली असते. सगळ्या साखळीतली सर्वांत मजबूत कडी हीच, आणि बहुतेक ट्रंकांत नेमकी हीच नसते. मुरगळलेल्या गुडघ्याला त्या वेळी कुणी दुखापत मानलेलंच नसतं.

मग बाजूच्या वाटा धराव्या लागतात. जवान इस्पितळात भरती झाला की युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये त्याची नोंद होते. इस्पितळाचा डिस्चार्ज कागद असतो. त्यानंतर मेडिकल कॅटेगरी खाली आली असेल, तर तो निर्णय एएफएमएसएफ-१५ या नमुन्यावर सापडतो. सैन्यात प्रकृती ‘शेप’ या पाच अक्षरांनी मोजतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. प्रत्येकाला एक आकडा असतो. ‘शेप-वन’ म्हणजे सगळं उत्तम. १९९९ नंतर हातपायांपुढचा आकडा एकावरून खाली घसरला असेल, तर दुखापतीची तारीख आणि कॅटेगरीची तारीख एकमेकींशेजारी ठेवता येते.

शेवटचा आणि निर्णायक कागद म्हणजे नोकरी सुटतानाच्या वैद्यकीय मंडळाचा, एएफएमएसएफ-१६. पुष्कळ जवान घरी जाण्याच्या घाईत यावर सही करतात आणि पुढे वीस वर्षं तो उघडतही नाहीत. त्यात मंडळाने ठरावीक प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात: अपंगत्व भरतीआधीचं होतं का, सेवेमुळे झालं का, सेवेमुळे वाढलं का, किती टक्के आणि किती काळासाठी. ‘नाही’ या उत्तरापुढे कारण लिहिलं आहे का, हे इथे बारकाईने पाहायचं. धरमवीर सिंग यांच्या खटल्याचा निकाल याच रकान्यावर फिरला होता.

घरात यातलं काही सापडलं नाही तर रेकॉर्ड ऑफिस गाठायचं. ते पलटणीप्रमाणे वेगळं असतं. गार्ड्‌सचं कामठीला, म्हणजे गोंदियाकरांना जवळच. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्राला उत्तर आलं नाही तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. कागद नष्ट झाले असतील तर तसं लेखी घ्यावं. कारण कागद केव्हा नष्ट झाले ही तारीखच पुढे वादाचा मुद्दा होते.

त्याच पलटणीतल्या, तो अपघात डोळ्यांनी पाहिलेल्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं ही पूरक कडी. ती एकटी पुरत नाहीत, पण कागदांमधली फट बुजवू शकतात. आजच्या डॉक्टरांचं नुसतं ‘गुडघेदुखी’ असं प्रमाणपत्र फारसं उपयोगाचं नसतं. जुनं लिगामेंट तुटलेलं आहे आणि आताची झीज त्याच सांध्यात, त्यामुळेच वाढली आहे, असा तपासण्यांच्या आधाराने दिलेला लेखी अभिप्राय मंडळापुढे टिकतो. दुसरा गुडघा कसा आहे, हेही त्यात यायला हवं. दोन्ही सारखेच झिजले असतील तर वयाचा युक्तिवाद बळकट होतो.

खेळ, सुट्टी आणि बहिणीचं घर

युनिटने ठरवलेल्या किंवा परवानगी दिलेल्या खेळात झालेली दुखापत नियमांनुसार ड्यूटीवरचीच मानली जाते. त्यामुळे कबड्डीत गेलेल्या गुडघ्याची लाज बाळगण्याचं कारण नाही. सुट्टीचा प्रवासही बऱ्याच अंशी संरक्षित आहे. मदनसिंग शेखावत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं की जवान किरकोळ रजेवर स्वखर्चाने प्रवास करत होता एवढ्यावरून त्याची पेन्शन अडवता येत नाही.

घरी पोचल्यानंतर मात्र नियम कडक होतो. विजय कुमार नावाचे नाईक रजेवर असताना बहिणीच्या घरी पडून जखमी झाले. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, कारण त्या पडण्याचा लष्करी सेवेशी काही धागा जुळत नव्हता. गावी बैल उधळून पाय मोडला, तर नोकरी चालू असली तरी ती दुखापत सेवेची ठरणं कठीणच.

टक्क्यांचा हिशेब

सहाव्या वेतन आयोगापासूनच्या सूत्राप्रमाणे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. टक्केवारी कमी तशी रक्कम कमी. शेवटचं वेतन ३०,००० रुपये धरलं, तर पूर्ण अपंगत्वाचे ९,००० आणि २० टक्क्यांचे १,८०० रुपये महिना होतात. पण १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सोय आली: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, त्यापुढे ७५ पर्यंत असेल तर ७५, आणि त्याहून वर १००. म्हणजे २० टक्केवाल्याला १,८०० ऐवजी ४,५०० रुपये. सरकार हा लाभ फक्त मुदतीआधी काढलेल्यांना देत होतं. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने तो पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळू लागला.

२० च्या खाली मात्र सगळाच हिशेब थांबतो. नियत वयाने निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याला हा भागच देय नाही आणि म्हणून टक्केवारी वाढवूनही मिळणार नाही, असं डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर राठोड यांच्या प्रकरणात ठरलं. १९ आणि २० मधलं अंतर कागदावर एकाचं आणि घरात दरमहा काही हजारांचं असतं. त्यामुळे कमी टक्केवारीविरुद्ध फेरतपासणी, म्हणजे रिव्ह्यू मेडिकल बोर्ड, मागणं हा स्वतंत्र आणि महत्त्वाचा टप्पा आहे.

उशिराची किंमत

तरसेम सिंग १३ नोव्हेंबर १९८३ रोजी वैद्यकीय कारणाने लष्कराबाहेर पडले आणि १९९९ मध्ये, सोळा वर्षांनी, उच्च न्यायालयात गेले. पेन्शन दरमहा देय असते, त्यामुळे ती न देणं हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे आणि दावा उशिराच्या कारणावर फेकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. थकबाकी मात्र याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. पहिली तेरा वर्षं बुडाली ती बुडालीच. अलीकडचं उदाहरण बिजेंदर सिंग यांचं. सियाचिनवर असताना त्यांना फिट आली, १९८९ मध्ये ते सेवेबाहेर पडले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती आला तो एप्रिल २०२५ मध्ये.

कोर्टाआधीची वाट अशी: रेकॉर्ड ऑफिसकडे दावा, तो नाकारला गेला की पहिलं अपील, मग दुसरं अपील. तरीही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणात एक न्यायिक आणि एक लष्करी पार्श्वभूमीचा सदस्य असतो. महाराष्ट्राचे दावे मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तिथे जायचं असतं, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. गोंदियात राहणाऱ्या सीआरपीएफच्या निवृत्त जवानाला ही वाट नाही. त्याला केंद्राचे असाधारण पेन्शनचे वेगळे नियम लागू होतात आणि दाद मागायची ती उच्च न्यायालयात, म्हणजे नागपूर खंडपीठात.

वकिलाआधी भेटायची जागा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. अर्जाचा नमुना आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार तिथून सुरू करता येतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांमध्ये मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडणं हा तिचा गाभा आहे.

या पेन्शनकडे सरकार संशयानेही पाहतं. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाचा लाभ मिळत होता. जवान आणि जेसीओ, म्हणजे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी, यांच्यात हे प्रमाण १५ ते १८ टक्के होतं. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांपेक्षा अधिकारी दुपटीने अपंग कसे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून पात्रतेचे नवे, अधिक काटेकोर नियम लागू झाले. ते त्या तारखेपासून पुढे सेवेबाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. आमगावच्या आपल्या काल्पनिक जवानाचा निवाडा त्याच्या काळातल्या नियमांनीच व्हायला हवा.

आता गावोगावचे अग्निवीरही या रांगेत येणार आहेत. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांच्या टप्प्यांवर अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. अपंगत्व सेवेमुळे आलं की नाही हे त्यांच्याही बाबतीत वैद्यकीय मंडळच ठरवतं. त्यामुळे सध्या सेवेत असलेल्या मुलाला घरच्यांनी फोनवर सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे साधी मुरगळ असली तरी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद कर, दुखापतीचा अहवाल भरून घे आणि त्याची एक प्रत घरी पाठव.